रुईचा नवरा

दर शनिवारी सकाळी व्यंकट बांधावरच्या रुईला तांब्याभर पाणी घालायचा, कमरेवर हात ठेवून तिच्यापुढं उभा राहायचा आणि वाटेनं जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "काय कारभारणी, बरी हाईस ना? सासरी काय तरास?" मग झाडानं काही सांगितल्यासारखी मान हलवायचा आणि म्हणायचा, "सोसायचं. थोरामोठ्याचं घर हाय, सोसायचं." परगावचा वाटसरू असला तर पोट धरून हसायचा. आमच्या गावचा माणूस मात्र हसत नसे. खाली मान घालून चालू लागे. त्या लग्नात त्यानं अक्षता टाकल्या होत्या, आणि वर बुंदीही हाणली होती.

आज गावात कुणालाही विचारा, पाटलाचा व्यंकट कसा होता? "डोक्यानं जरा हलका होता बिचारा," असं उत्तर मिळेल. डोक्यानं हलकं कोण होतं ते मी सांगतो. मी तेल्याचा मुलगा. आमच्या घाण्याचा बैल जसा एकाच रिंगणात फिरला तशा आमच्या सात पिढ्या फिरल्या. त्या रिंगणातून बाहेर पडून हैदराबादेत बी.ए. झालेला आमच्या घरातला मी पहिला. हे मी मिरवून सांगतो, कारण बापजाद्यांचं मिरवावं असं माझ्याजवळ दुसरं काही नाही. ज्यांच्याजवळ होतं, त्यांनी त्याचं काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे.

गावची माली पाटीलकी, म्हणजे निजाम सरकारचा शेतसारा गोळा करायचं काम, व्यंकटच्या बापाकडं होतं. त्याला सगळे तात्यासाहेब म्हणत. मीही म्हणे, तोंडानं. अंगानं दांडगा, मिशांना तूप, घरात दोन बायका आणि दारात चार बैलजोड्या. एवढं सगळं असून स्वतःचं मत म्हणून त्याच्याकडं एकही नव्हतं. मतं सगळी जोशीबुवाची. पेरणी कधी, प्रवास कधी, नखं कधी काढायची, सगळं जोशीबुवाला विचारून. बुवा नको म्हणाला असता तर त्या माणसानं आलेली शिंकही नाकात अडवून धरली असती.

व्यंकटला केजच्या उर्दू शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा एकटं पोरगं घाबरेल म्हणून तात्यासाहेबानं माझ्या बापाला हुकूम केला, "तुझं बी धाड संगं. पाणी भरील, भाकरी थापील." मी पाणी भरलं, भाकरी थापल्या आणि वर्गात पहिलाही आलो. व्यंकट काठावर पास होई. पण त्या काडीपैलवानाची जीभ चाकूसारखी. मला म्हणायचा, "गण्या, तूच शिक बे. आमच्या घरात अक्कल आली तर ठिवायला कोनाडा न्हाई." मी थापलेली भाकरी तो माझ्याच ताटात बसून खाई. त्याच्या घरात तेल्याला उंबऱ्याबाहेर बसवत. मी एकदा म्हटलं, "तुझ्या बापानं बघितलं तर?" तर म्हणाला, "तेल चालतंय, तेली चालत न्हाई, असलं पोट हाय त्याचं. तू जेव."

आम्ही सोळा-सतरा वर्षांचे असतानाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत पाटलाच्या घरी गाद्या पिंजायला शेजारच्या युसूफ वडगाव या गावातून म्हातारा पिंजारी येई. त्या वर्षी तो आजारी, म्हणून त्याचा मुलगा उस्मान आला. आमच्याच वयाचा, सावळा, हसरा. पापण्यांवर, मिसरुडावर कापूस बसून मिशा पिकल्यासारखा दिसे. अंगणात त्याच्या धनुकलीची तार तुंग तुंग वाजायला लागली आणि व्यंकट जो ओट्यावर बसला तो दिवस कलला तरी उठला नाही. उस्मान म्हणाला, "दूर बैठो पाटील, नाक में कापूस जाता." व्यंकट म्हणाला, "जाऊ दे की. डोस्क्यात भुसा हाय, तिथं जरा कापूस जाईल."

त्यानंतर पाटलाच्या घरी उंदीर झाले. गाद्या फाटल्या, गिरद्या फाटल्या, बैठकीतले लोड फाटले. दर पंधरा दिवसांनी उस्मानला बोलावणं जाऊ लागलं. तात्यासाहेबानं सापळे लावले, नांदूरघाटहून मांजर आणलं, जोशीबुवाकडून उंदरांच्या बंदोबस्ताचा मंत्र घरभर म्हणवून घेतला. त्या मंत्राची दक्षिणा बुवानं घेतली आणि दुसऱ्या दिवशी रजई फाटली. एकदा मी माडीवर गेलो तर व्यंकट वस्तरा घेऊन गादीची शिवण उसवत बसलेला.

"उंदीर तू हायेस व्हय?" मी म्हटलं.

"मग काय करू? धड गादी पिंजायला कुणी बोलावतंय का?"

"पर कशापायी?"

त्यानं वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाला, "पाणवठ्यावर पोरी आल्या की तुमची बोलती बंद होती का न्हाई? माझी उस्मान आल्यावर होती. दुसरं काई न्हाई. आता हास."

मी हसलो नाही. इतकं सरळ बोललेलं मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होतो. विचारलं, "त्याला ठावं हाय?"

"त्याला पैल्याच दिशी कळलं. म्हणला, उंदीर टाके मोजून सरळ रेघंत फाडत न्हाई. तरी बी येतूया न्हवं?" आणि मग कापसाचा एक पुंजका बोटांनी सोडवत म्हणाला, "गाठी हायेत तवर समदा कापूस सारखाच मळका दिसतो गण्या. पिंजल्यावर कळतंय आपुन काय हाव. मी पिंजला गेलो बे. आता पुन्ना गाठ व्हायचं न्हाई."

गाठ मारायला बाप तयारच होता. नांदूरघाटचं एक मोठं स्थळ आलं. जमीन भरपूर, मुलगी एकुलती, म्हणजे तात्यासाहेबाच्या नजरेत रूपानं रंभा. जोशीबुवानं पत्रिका मांडली आणि तोंड वाकडं केलं. मुलाला कडक मंगळ, पहिली बायको वाचत नाही. उपाय? आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं. चौथ्या दिवशी झाड उपटायचं. दोष झाडाबरोबर गेला, पोरगा विधुर झाला, की मग नांदूरघाटची मुलगी दुसरी म्हणून आणायची. शहाण्या माणसानं पत्रिका चुलीत घातली असती. तात्यासाहेब म्हणाला, "मग धूमधडाक्यात व्हऊ द्या. पाटलाचं लगीन हाय."

झाड निवडायचं काम नवऱ्या मुलाकडं दिलं. गावाभोवती रुईला तोटा नाही. व्यंकट सगळं रान हिंडला आणि त्यानं वडगावच्या वाटेवरची, शिवेच्या बांधावरची एक डेरेदार रुई पसंत केली. मुळं आमच्या शिवेत, निम्म्या फांद्या वडगावच्या शिवेत. "लांब पडती," बाप म्हणाला. "सून निवडायची का वैरण?" व्यंकट म्हणाला.

मग ते लग्न झालं. मांडव पडला, वाजंत्री वाजली. आमच्या घरचं तेल हळदीला गेलं. माझी आई पितळी भांडं घेऊन गेली आणि त्या झुडपाच्या पानांना हळद लागताना पाहून आली. फांद्यांत हिरव्या बांगड्या अडकवल्या, बुंध्याला काळी पोत बांधली, अंतरपाट धरला. या लग्नात कन्यादान करायला वधूचा बाप लागतो, आणि शास्त्राप्रमाणे तो भटजीच होतो. जोशीबुवानं उदक सोडलं. त्या दिवसापासून व्यंकट त्याला मरेपर्यंत "मामंजी" म्हणाला. भर बाजारात म्हणायचा, "मामंजी, औंदा दिवाळसणाला बोलावलं न्हाई?" आणि बुवा उपरणं तोंडावर घेऊन पळत सुटायचा.

बायका म्हणाल्या, नाव घ्या. व्यंकटनं घेतलं:

"शेळी खाईना, ढोर खाईना, उन्हाळा हिला जाळीना,
रुईचं नाव घेतो व्यंकट, दिला शब्द टाळीना."

सगळे हसले. पण त्या उखाण्यात थट्टा नव्हती हे मांडवात दोघांनाच कळलं होतं, मला आणि वाटेच्या पलीकडं धनुकली खांद्यावर टाकून उभ्या असलेल्या उस्मानला.

पंगतीत जोशीबुवाला जरा जास्तच चढलं, म्हणजे तूप. चार दिवस कुणी गुराख्यानं झाड मोडू नये म्हणून त्यानं उभं राहून जाहीर केलं, "अग्नीच्या साक्षीनं ही आता पाटलाची सून. नवऱ्यावाचून दुसऱ्या कुणी हिला हत्यार लावलं, तर त्याचा निर्वंश होईल!" टाळ्या पडल्या. साऱ्या अकलेचं माहेरघर असलेल्या त्या मांडवात एकाच्याही ध्यानात आलं नाही की नवऱ्यानंच लावलं नाही तर काय?

चौथ्या दिवशी सारं गाव बांधावर. व्यंकटच्या हातात कुदळ दिली. त्यानं ती हातात तोलली, झाडाकडं पाहिलं आणि कुदळ खाली ठेवली.

"मी माझ्या बायकोला मारणार न्हाई."

"अरं, झाड हाय ते!" बाप ओरडला.

"परवा सून व्हती."

"व्यंकट, उपट म्हणतो ना!"

"मामंजीला इचारा. बाप हाय तिचा. लेकीला मारू म्हणला तर बघू."

जोशीबुवा घाम पुसत राहिला. तात्यासाहेबानं गड्यांना फर्मावलं, तोडा. एकही पुढं आला नाही. निर्वंश कुणाला हवा? त्यानं स्वतः कुऱ्हाड उचलली, आणि मग त्याला आठवलं की आपलाही वंश आहे आणि तो समोरच उभा आहे. कुऱ्हाड हळूच खाली आली. आयुष्यभर दुसऱ्यांना भीती घालून जगलेल्या माणसाला स्वतःच्याच भीतीनं असं खुंटीला टांगलेलं मी त्या दिवशी पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

बुवानं तोड काढली: थांबा, झाड आपोआप वाळेल. पण पहिली जिवंत असताना दुसरी केली तर दोष दुसरीवर जाईल. नांदूरघाटकरांनी निरोप पाठवला, "रुईच्या सवतीवर पोरगी देत न्हाई." मग सगळे झाड मरायची वाट बघत बसले. ज्यांना आपल्या रानातली रुई ठाऊक नाही त्यांना काय म्हणावं? तिला पाणी लागत नाही, खत लागत नाही. दुष्काळात बाभळीनं मान टाकली तरी ही हिरवी. पाटलाच्या मेहुण्यानं एकदा संध्याकाळी दारूच्या जोरावर एक फांदी तोडली. चीक डोळ्यात उडाला, डोळा कवठाएवढा सुजला. गावानं शापावर शिक्कामोर्तब केलं आणि तोडल्या जागी दोन फांद्या फुटल्या.

त्याच मेहुण्यानं सुजल्या डोळ्यानं शेवटी खरं पाहिलं. त्यानं बापाच्या कानात सांगितलं की पोरगं पिंजाऱ्याच्या नादी आहे. तात्यासाहेबानं उस्मानला चावडीवर बोलावलं, सगळ्यांदेखत त्याची धनुकली पायाखाली घेऊन मोडली आणि गावबंदी केली. "आमच्या शिवेत पाय ठिवलास तर तंगडं तोडीन." व्यंकटला चार दिवस कोंडलं, मारलं. सुटल्यावर त्यानं वळकटी खांद्यावर टाकली आणि भर गावातून चालत निघाला. बाप आडवा आला, "कुठं?"

"बायको बांधावर अन् नवरा माडीवर, शोभतं का तात्या? लोकं काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील या तीन शब्दांपुढं त्या घरानं आजवर सगळं वाहिलं होतं. बाप बाजूला झाला.

व्यंकटनं रुईजवळ खोप घातली. उस्मानला आमच्या शिवेत पाय ठेवायला बंदी होती, म्हणून त्यानं बांधाच्या पलीकडं, वडगावच्या शिवेत छप्पर टाकलं. दोन्हींच्या मधे रुई. व्यंकटनं आपल्या कानातली भिकबाळी विकून त्याला नवी धनुकली करून दिली आणि स्वतः पिंजायला शिकला. दोन्ही गावच्या बायका रजया तिथं आणून टाकू लागल्या. पाटलाचा पोरगा पिंजारी झाला म्हणून बैठकीत नाकं मुरडली गेली, पण थंडी पडली की त्याच नाकांच्या रजया बांधावर येत. एक पाटलाच्या घरच्याच तेवढ्या येत नसत. बापानं शपथ घातली होती.

गावाला कळत नव्हतं असं नाही. पण कळलं म्हणायचं धैर्य कुणात होतं? व्यंकट रुईशी संसार करतो हे खुशाल मान्य. ताप आला की उस्मान त्याच्या तोंडात औषध घालतो, तो उस्मानच्या केसांतला कापूस वेचतो, दोघं एका तव्यावरची भाकरी खातात, हे समोर दिसत असून कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते एकीनं, व्यंकटच्या आईनं. तिला सगळं गाव माय म्हणे. पाटलाची थोरली, म्हणजे घरात जिला कुणी विचारत नाही ती. सुनेची ओटी भरायला जाते असं सांगून ती दर सणाला बांधावर येई, फांद्यांत नव्या बांगड्या घाली, कुंकू लावी. पहिल्यांदा आली तेव्हा सुट्टीत मी तिथंच होतो. तिनं फडकं सोडलं. आत दोन माणसांचं जेवण. व्यंकट म्हणाला, "माय, सून जेवत न्हाई."

"ठावं हाय मला," माय म्हणाली. "मी काय तुझ्या बापावाणी हाय?" आणि दुसऱ्या भाकरीवर चटणी ठेवून तिनं ती बांधापलीकडं सरकवली. उस्मान तोंड फिरवून बसला.

मी बी.ए. होऊन गावी आलो त्या दिवशी तात्यासाहेबाचं बोलावणं आलं. "या गणपतराव, बसा." जन्मभर मी त्याला तेल्याचं पोरगं होतो. आज बैठकीत, गादीवर. गादीत हाताएवढ्या गाठी होत्या. मला बरं वाटलं.

"तुमी शिकलेले," तो म्हणाला. "तुमचं ऐकल तो. त्याला समजून सांगा, झाडाशी लगीन-बिगीन काई खरं नसतंय. अडाणी समज हाय म्हणावं. दुसरं स्थळ बघितलंय मी."

"सांगतो की," मी म्हटलं. "पण आधी तुम्ही चावडीवर सांगा. मंगळ खोटा, जोशी खोटा, आणि मी मूर्खपणानं पोराचं लग्न झुडपाशी लावलं, एवढं चार माणसांत बोला. मी लगेच बांधावर जातो."

तात्यासाहेब गादीतल्या गाठी चाचपत राहिला. मग म्हणाला, "असं कसं म्हणता येईल?"

नाही म्हणता आलं. एवढंसं एक वाक्य बोलण्यापेक्षा त्यानं मुलगा गमावणं पसंत केलं. मी उठलो, ते पाणीसुद्धा न पिता. बांधावर जाऊन व्यंकटला सगळं सांगितलं तर तो हसून हसून आडवा झाला. "बी.ए. कामाला आलं की बे! उस्मान, ऐकलं का, गण्यानं माझा संसार वाचवला." उस्मान गंभीरपणे म्हणाला, "हौ. भाबी को बोलो, खुश होती." भाबी म्हणजे रुई.

तसे ते बरीच वर्षं राहिले. सुखात राहिले, असं मी सही करून सांगेन. पुढं मी बीडला शाळेत लागलो. व्यंकटच्या अंगात हिवताप मुरला होता. एका पावसाळ्यात त्या तापानं त्याला नेलं. उस्माननं शेवटपर्यंत केलं. पण प्राण गेला तशी पाटलाची माणसं बांधावर आली आणि प्रेत उचलायला पुढं झालेल्या उस्मानला म्हणाली, "पिंजाऱ्या, लांब हो." तो लांब झाला. पाटलाच्या धाकट्या बायकोच्या मुलानं अग्नी दिला.

दहाव्याला मी पोचलो. पाहतो तर गावातल्या बायका रांगेनं बांधाकडं चाललेल्या. नवरा मेला होता, तेव्हा रुई विधवा झाली होती आणि विधवेचं जे करायचं ते रीतसर व्हायला हवं होतं. जोशीबुवा हजर होता. म्हातारपणी लेकीचं वैधव्य बघायला आलेला बाप. त्यांनी फांद्यांतल्या बांगड्या दगडानं फोडल्या, बुंध्यावरचं कुंकू पुसलं. पोत सालीत रुतली होती, ती ओढून तोडली, तर पांढरा चीक गळायला लागला आणि बायका आणखी मोठ्यानं रडल्या. मग पद्धतीप्रमाणे रुईभोवती बसून, तिच्या फांद्या धरून आक्रोश झाला. बांधापलीकडं, दहा पावलांवर उस्मान आपल्या छपराच्या दारात उभा होता. त्याच्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

माय बायकांत बसली होती. ती एकाएकी उठली. कुणीतरी पदर धरला, तो तिनं सोडवला. रुईला वळसा घालून ती शिव ओलांडून गेली आणि उस्मानच्या गळ्यात पडली. नवरा गेलेल्या बाईच्या गळ्यात पडून आयाबाया रडतात, अगदी तशी रडली. चारचौघांत, जावेच्या आणि सवतीच्या डोळ्यांदेखत. उस्मान आधी ताठ उभा होता. मग त्याचे खांदे पडले. तिच्या पाठीवरून हात फिरवत तो एवढंच म्हणत राहिला, "सोसना माँ. बडे लोगां का घर है. सोसना."

गाव म्हणालं, पोराच्या दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं. झुडपाच्या बांगड्या फोडून, हात धुऊन घराकडं निघालेलं गाव म्हणालं.